पार्श्वभूमी : शर्यतीच्या कबुतरांची पिल्लं आणि त्यांची अंगची ताकद

मृग लागला की बेळगाव, संकेश्वर, निपाणी पट्ट्यातल्या ढाबळींमधून एकच तक्रार ऐकू येते. आईबापापासून नुकतीच वेगळी केलेली पिल्लं दाणा टाकतात, हिरवट पाणी हगतात, चार दिवसांत छातीचं हाड हाताला लागतं. मग धाव औषधाच्या दुकानाकडे. कोंबड्यांसाठी आलेली अँटिबायोटिकची पुडी पाण्यात पडते, पिल्लं सावरल्यासारखी दिसतात आणि पुढच्या विणीला आजार नसतानाही तीच पुडी सुरू होते. ही सवय आली कुठून आणि तिच्याआधी पिल्लं कशाच्या बळावर तगत होती, हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

कबुतराचा नाद या मुलखाला नवा नाही. कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य आपल्या भागावर होतं, आणि त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये पारावत-विनोद, म्हणजे कबुतरांचा खेळही आहे. पुढं अकबराच्या पदरी वीस हजारांवर कबुतरं होती आणि त्यातली पाचशे खास होती, असं अबुल फझलनं नोंदवलं आहे. ती हौस मुख्यतः उंच उडणाऱ्या आणि हवेत कोलांट्या घेणाऱ्या पाखरांची. आपल्याकडचा गिरेबाज त्याच परंपरेतला. तो आपल्याच छपरावर तासन्‌तास उडतो आणि आपल्याच ढाबळीत उतरतो.

शर्यतीचं कबुतर घडलं ते एकोणिसाव्या शतकात, बेल्जियममध्ये. लिएज आणि अँटवर्पच्या हौशी लोकांनी लांबून घर गाठणाऱ्या पाखरांच्या निवडक जोड्या लावल्या आणि त्यातून आजचा होमर उभा राहिला. भारतात या जातीनं सरकारी चाकरीही केली. ओडिशा पोलिसांची कबुतर-सेवा १९४६ साली लष्कराकडून मिळालेल्या दोनशे पाखरांवर सुरू झाली. १३ एप्रिल १९४८ ला पंडित नेहरूंनी संबलपूरहून कटकला निरोप धाडला, तो याच पाखरांकरवी.

गिरेबाजाकडून होमरकडे वळताना एक गोष्ट मुळातून बदलली, आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. ती म्हणजे पेटारा. शर्यतीला किंवा टॉसला, म्हणजे सरावासाठी लांब नेऊन सोडायला, नेताना पाच-दहा ढाबळींची पाखरं एकाच पेटाऱ्यात दाटीवाटीनं बसतात, एकाच पन्हळीतलं पाणी पितात, एकमेकांच्या विष्ठेवर रात्र काढतात. धारवाडला सोडलेलं पिल्लू तासाभरात घरी येतं खरं, पण येताना दुसऱ्या कुणाच्या तरी ढाबळीतले जंतूही घेऊन येतं. आपल्या घरच्या जंतूंशी त्याची ओळख असते, परक्याशी नसते.

ही घरची ओळख होते कशी, ते घरट्यात बघायला मिळतं. मादी दोन अंडी देते, नर-मादी आळीपाळीनं उबवतात आणि सतरा-अठरा दिवसांनी पिल्लं फुटतात. डोळे मिटलेलं, पिवळ्या लवेचं ते पिल्लू मान थरथरवत वर काढतं आणि आपली चोच थेट बापाच्या किंवा आईच्या चोचीत घुसवतं. दोघांच्याही गळ्याची पिशवी तेव्हा एक दह्यासारखा पांढरट चोथा, म्हणजे कबुतराचं दूध, तयार करत असते. पहिले तीन-चार दिवस पिल्लाचं जेवण एवढंच. मग त्यात भिजलेला दाणा मिसळू लागतो. स्तनपान देणाऱ्या प्राण्यांच्या दुधामागे जे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक असतं, तेच या दुधामागेही आहे. ऑस्कर रिडल या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात ते वेगळं ओळखलं, आणि त्याची परीक्षा घ्यायला कबुतराची हीच पिशवी वापरली.

या दुधात प्रथिनं आणि चरबी तर असतेच, शिवाय आईबापाच्या अंगातली प्रतिपिंडंही, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनंही, असतात. अंड्याच्या बलकातून मिळालेली शिदोरी वेगळीच. जंतूही याच वाटेनं येतात. घशात पिवळा चिकट थर धरणारा कॅंकर हा रोग पिल्लाला लागतो तो आईबापाच्या गळ्यातून. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टॅबलर या शास्त्रज्ञानं प्रयोगानं दाखवलं, की सौम्य वाणाच्या कॅंकरची लागण होऊन गेलेली कबुतरं पुढं जहाल वाणापुढंही टिकतात. म्हणून जोडी लावण्याआधी आईबापाचे घसे तपासा, आजारी जोडीची पिल्लं धरू नका, आणि जी निरोगी आहेत त्यांना उगाच औषध पाजू नका, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो.

पण उसनी शिदोरी काही आठवड्यांत सरते. पिल्लू साधारण पंचवीस-अठ्ठावीस दिवसांनी वेगळं करतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला स्वतःची फौज उभी करावी लागते. ती उभी राहते शेपटीखाली, गुदद्वाराशेजारच्या एका छोट्या पिशवीत. इटलीच्या फॅब्रिसियस या शरीरशास्त्रज्ञानं चारशे वर्षांपूर्वी ती नोंदवली, पण तिचं काम काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. १९५६ साली अमेरिकेत ब्रूस ग्लिक आणि टिमोथी चँग यांनी प्रसिद्ध केलं, की ही पिशवी काढलेल्या कोंबड्या प्रतिपिंडं बनवू शकत नाहीत. पाखरू वयात आलं की ही पिशवी आटत जाते, म्हणजे शिकायचं ते लहानपणीच. १९९० च्या दशकात कबुतरांमध्ये सर्कोव्हायरस नावाचा विषाणू सापडला, तो नेमका याच पिशवीवर घाला घालतो. वरून ॲडेनोव्हायरस हा दुसरा विषाणू आणि ई-कोलाय हे जिवाणू आले की पिल्लू ओकतं, हगतं, खंगतं. पावसाळ्यात आपल्याकडे दिसणारं चित्र बऱ्याचदा हेच असतं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही; पुडीनं आवरतात ते फार तर मागून आलेले जंतू.

मानमोडीची, म्हणजे मान पिळवटणाऱ्या रोगाची, गोष्ट आणखी जवळची. १९२६ साली हा कोंबड्यांचा रोग इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला आणि जावा बेटावर ओळखला गेला, आणि १९२७ ला आपल्याकडे राणीखेतला. म्हणून त्याचं नाव राणीखेत. त्यावरची भारतातली लस मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतून आली, आणि ती प्रयोगशाळा मूळची १८८९ साली पुण्यात सुरू झालेली. कबुतरं बरीच वर्षं या तडाख्यातून बाहेर होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मध्यपूर्वेत या विषाणूचा कबुतरी अवतार दिसला, १९८१ च्या सुमारास तो युरोपात शिरला आणि तिथून जगभर गेला. मान पिळलेलं, दाणा टिपताना चोच बाजूला मारणारं कबुतर ज्यानं पाहिलं आहे, त्याला जास्त सांगायला नको. काही जण 'नैसर्गिक ताकद' म्हणून लस टाळतात. मला ते अजिबात पटत नाही. लस औषधासारखी बाहेरून लढत नाही. ती पिल्लाच्या स्वतःच्या फौजेलाच शत्रू दाखवते.

पुडीची सवय मात्र कोंबडीपालनातून आली. १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेत दिसलं, की खाद्यात थोडं अँटिबायोटिक घातलं की कोंबड्या झपाट्यानं वाढतात. ती पद्धत जगभर गेली आणि कोंबड्यांच्या औषधांबरोबर कबुतरांच्या पाण्यातही आली. १९७३ साली फिनलंडच्या नुर्मी आणि रंटाला या संशोधकांनी उलट बाजू दाखवली: निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जंतू पिल्लांना दिले, तर साल्मोनेलाला पोटात जागाच उरत नाही. पुडीनं आपण नेमके हेच राखणदार धुऊन काढतो. युरोपनं वाढीसाठीची अँटिबायोटिकं १ जानेवारी २००६ पासून बंद केली. भारतानं २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक देण्यावर बंदी आणली.

आपल्या भागात या सगळ्याला पावसाची जोड आहे. खानापूरकडं चार महिने भिंती ओल्या असतात, अथणीकडं मात्र कोरडं. ओल्या विष्ठेत कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींची अंडी पिकतात, म्हणून पश्चिमेकडच्या ढाबळीत रोजची झाडलोट, वरून मोकळी हवा आणि पिल्लांची विरळ संख्या कुठल्याही टॉनिकपेक्षा जास्त कामाची. ज्वारी, मका, मटकी, मसूर आणि करडई आपल्या बाजारात मिळते. बुरशी लागलेला स्वस्त मका तेवढा घेऊ नये.

लशीची अडचण खरी आहे. बाटली येते ती कोंबड्यांच्या हिशेबानं, शेकडो मात्रांची, आणि इथल्या एका ढाबळीत पाखरं असतात तीस-चाळीस. त्यामुळं गल्लीतल्या चार-पाच जणांनी एक दिवस ठरवून, जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून, एकच बाटली फोडावी. कबुतराला मारलेल्या विषाणूची लस आणि मानेच्या खालच्या भागात कातडीखाली टोचून, हे त्यांच्याशी आधी बोलून घ्यावं. पहिला टॉस त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी.