सुरा तोच, किंकाळी तीच. मग भीती गेली कुठे?

माझी भाची एकोणीस वर्षांची आहे. दिवाळीच्या सुटीत आली तेव्हा तिला आल्फ्रेड हिचकॉकचा १९६० सालचा ‘सायको’ दाखवला. न्हाणीघरातला खून तिला आधीच माहीत होता. मोबाइलवर त्याच्या इतक्या नकला फिरत असतात की तो न पाहिलेला माणूस सापडणं अवघड. पडद्यामागे सावली उमटली तशी ती म्हणाली, “मामा, हाच ना तो सीन?” आणि मांडीवरच्या वाटीतली चकली मोडून खात राहिली. पुढे खासगी गुप्तहेर आर्बोगास्ट त्या जुन्या घराचा जिना चढू लागला. याबद्दल तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचं दार किंचित उघडलं, गालिच्यावर उजेडाची पट्टी पडली, कॅमेरा एकाएकी छताला जाऊन चिकटला, व्हायोलिनं किंचाळली आणि वाटी जमिनीवर. चकल्यांचे तुकडे आम्ही दुसऱ्या दिवशी सोफ्याखालून काढत होतो.

त्याच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही १९९८ सालचा ‘सायको’ लावला. गस व्हॅन सँट या दिग्दर्शकाने जुना चित्रपट जवळजवळ प्रत्येक शॉट तसाच ठेवून पुन्हा चित्रित केला. संवाद बहुतांशी तेच, कॅमेऱ्याच्या जागा त्याच, संगीतही तेच. नवा आर्बोगास्ट जिना चढायला लागला, आणि दार उघडायच्या आधी भाची शांतपणे म्हणाली, “आता.” तिला भीती वाटली नव्हती, हे चेहऱ्यावरून कळत होतं. पण व्हायोलिनं वाजली तेव्हा तिचे खांदे कानांपर्यंत उडालेच.

भीती नाही, पण खांदे उडाले. हे दोन्ही एकाच वेळी कसं घडतं, ते समजून घ्यायला या दोन चित्रपटांइतकी चांगली जोडी मला दुसरी माहीत नाही. एरवी रिमेकमध्ये सगळंच बदलतं: कथा, गाव, शेवट. तिथे तुलना कशाची करायची? इथे मात्र बहुतेक गोष्टी जागच्या जागी ठेवून मोजक्याच बदलल्या आहेत. प्रयोगशाळेत असंच करतात.

आधी कानाचं पाहू, कारण खांद्यांचं उत्तर तिथे आहे. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, नुसता पाण्याचा आवाज असावा, असं हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही संगीत लिहिलं आणि ते ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. पूर्ण चित्रपटाला फक्त तंतुवाद्यांचा ताफा आहे. ना ढोल, ना तुतारी. खुनाच्या वेळी व्हायोलिनं अतिउंच पट्टीत ओरबाडल्यासारखी वाजतात. कान ते सूर म्हणून घेतच नाही, किंकाळी म्हणून घेतो.

डॅनियल ब्लमस्टाइन हे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ कोलोरॅडोच्या डोंगरांत मार्मोट नावाच्या प्राण्याचा अभ्यास करतात. लडाखला जाऊन आलेल्या अनेकांनी त्याचा हिमालयातला भाऊबंद पँगाँगच्या वाटेवर पाहिला असेल: गुबगुबीत, बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा राहणारा. याची पिल्लं हातात धरली की कधीकधी किंचाळतात, आणि त्या किंचाळीत आवाज ‘फाटतो’. घशावर त्याच्या कुवतीपेक्षा जास्त जोर पडला की स्वर एकदम वर उडतो, खरखरतो, तुटतो. शास्त्रज्ञ अशा आवाजाला अरेषीय ध्वनी म्हणतात. ब्लमस्टाइन यांनी सहकाऱ्यांबरोबर १०२ चित्रपटांतली गाजलेली दृश्यं तपासली. भयपटांच्या ध्वनिपट्टीत असा खरखरीत, फाटलेला आवाज अपेक्षेपेक्षा जास्त सापडला. २०१० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ साली दुसऱ्या एका गटाने दाखवलं की माणसाच्या किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा कमीजास्त होते. साध्या बोलण्यात हे चढउतार कितीतरी संथ असतात. असा खडबडीत आवाज मेंदूतल्या अमिग्डलाला, म्हणजे धोक्याची दखल घेणाऱ्या बदामाएवढ्या भागाला, विशेष जोराने जागं करतो.

शिवाय दचकणं ही तर त्याहूनही जुनी यंत्रणा. अचानक मोठा आवाज झाला की कानातून निघालेला संदेश मेंदूच्या देठात पोहोचतो आणि तिथूनच थेट स्नायूंकडे वळतो. सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आत पापणी मिटते, पाठोपाठ मान आखडते, खांदे वर जातात. विचार करणारा मेंदू या बैठकीला बोलावलेलाच नसतो. “हा चित्रपट आहे, कालच पाहिलाय” हे त्याला नंतर सांगता येतं, तोवर काम झालेलं असतं. म्हणून १९९८ च्या चित्रपटातही खांदे उडाले. डॅनी एल्फमन यांनी हरमन यांचंच संगीत नव्याने वाजवून घेतलं होतं. ओरबाडणं शाबूत होतं.

दचकणं मात्र क्षणाचं. ‘पाचावर धारण बसली’ असं आपण ज्या भीतीला म्हणतो तिला वेळ लागतो आणि तिला खाद्य लागतं ते अनिश्चिततेचं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ४५ जणांवर केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. संगणकाच्या पडद्यावर दगड दिसतात. प्रत्येक दगड उलटण्याआधी खाली साप आहे की नाही, याचा अंदाज सांगायचा. साप निघाला की हाताला खराखुरा, दुखेल असा विजेचा झटका. संशोधक तळहाताचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोजत होते. झटका बसणारच हे पक्कं माहीत असताना ताण सर्वांत जास्त असेल असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. झटका बसण्याची शक्यता निम्मीनिम्मी होती तेव्हा ताण शिगेला पोहोचला. पक्क्या झटक्यापेक्षा ‘बसेल की नाही’ हेच शरीराला जास्त जाचलं.

आता १९६० च्या प्रेक्षकाच्या जागी बसून पाहा. चित्रपटाची नायिका जॅनेट ली, त्या काळची मोठी तारका. तिने मालकाचे ४० हजार डॉलर पळवले आहेत. पोलीस तिला गाठतील का, ती पैसे परत करेल का, या प्रश्नांत आपण गुंतलेलो असतो. आणि सुमारे पाऊण तासाने ती त्या न्हाणीघरात मरते! अजून तासभर चित्रपट शिल्लक आहे आणि जिच्या बोटाला धरून आपण चाललो होतो तीच नाही. त्यानंतर कोण वाचेल याचा कसलाही भरवसा उरत नाही. प्रत्येक दगडाखाली साप असेलही, नसेलही. हिचकॉकला या अनिश्चिततेची किंमत पुरती कळत होती. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा दंडक त्याने चित्रपटगृहांना घालून दिला होता. (शेवट मीही इथे सांगणार नाही. साठ वर्षं उलटली असली तरी कुणीतरी तो पहिल्यांदा पाहणार आहे.)

१९९८ च्या प्रेक्षकाला साप कुठल्या दगडाखाली आहे ते ठाऊक होतं. अर्ध्याहून अधिक भीती तिथेच संपली.

पण एवढ्यावर विषय मिटत नाही. जुना ‘सायको’ मी कितीतरी वेळा पाहिलाय. मलाही सगळे साप पाठ आहेत, आणि तरी न्हाणीघराच्या त्या दृश्यात पोटात गोळा येतो. नव्यात येत नाही. तेव्हा फरक चित्रपटातही कुठेतरी असला पाहिजे.

जुन्या दृश्यात प्रत्यक्ष खून पाऊण मिनिटाचा. त्यासाठी सात दिवस चित्रीकरण चाललं, कॅमेरा सत्तरहून अधिक वेळा नव्याने लावला गेला. संकलन जॉर्ज टोमासिनी यांचं. सुरा, हात, पडदा, तोंड, पाणी, पाय असे तुकडे इतक्या वेगाने येतात की एकावर नजर ठरायच्या आत दुसरा हजर. रक्त म्हणून वापरलं होतं चॉकलेटचं सिरप, कारण कृष्णधवल चित्रात ते रक्तापेक्षा रक्तासारखं दिसतं. सुरा अंगात शिरल्याचा आवाज कासाबा जातीच्या एका खरबुजात सुरा खुपसून काढलेला. सुरा शरीराला भिडताना जवळजवळ दिसतच नाही. तुटक पुरावे देऊन चित्र पूर्ण करण्याचं काम प्रेक्षकाच्या मेंदूवर सोपवलं आहे, आणि मेंदू हे काम मन लावून करतो, कारण जगात वावरताना तो सतत हेच करत असतो. डोळ्यांकडून येतं ते अर्धवट. बाकीचं तो अनुभवावरून भरून काढतो. इथे भरलेला मजकूर ज्याचा त्याचा असतो, म्हणूनच तो इतका लागतो.

नव्या चित्रपटात ख्रिस्तोफर डॉयल यांचा कॅमेरा आहे आणि रंग आहेत. रक्त लाल दिसतं, जखमा दिसतात. भरून काढायला कमी उरतं. शिवाय व्हॅन सँट यांनी खुनाच्या मध्येच क्षणभर वादळी ढग घातले. जिन्यावरच्या खुनात एक अर्धनग्न स्त्री आणि रस्त्यावर उभं जनावर चमकून जातं. अंतर्मनावर परिणाम करण्याचा हेतू असावा. मला तो फसलेला वाटतो, आणि त्यामागचं कारण लक्ष या गोष्टीच्या अभ्यासात सापडतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात थरारक प्रसंगांच्या चित्रफिती दाखवताना पडद्याच्या कडेने बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट लुकलुकत ठेवली होती. ताण वाढला की मेंदूतली त्या चौकटीची नोंद मंदावायची आणि मधल्या चित्राची वाढायची. नजर जणू बोगद्यात शिरते. अशा बोगद्यात ऐन वेळी ढग आणि गुरं आणून सोडली, तर प्रेक्षक भानावर येतो. “हे काय होतं?” असं भाचीने विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की खून बाजूलाच राहिला.

हिचकॉक प्रेक्षकांची नजर किती घट्ट धरतो, याचं मोजमापही झालेलं आहे. उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून चित्रफिती दाखवल्या आणि सगळ्यांच्या मेंदूत एकाच वेळी सारख्या हालचाली किती होतात ते पाहिलं. हिचकॉकच्या दूरचित्रवाणी मालिकेतल्या एका भागाने मेंदूच्या बाह्यपटलाचा ६५ टक्क्यांहून जास्त भाग असा एका तालात आणला. एका गाजलेल्या वेस्टर्नपटाला ४५ टक्के जमले, एका विनोदी मालिकेला १८. न्यूयॉर्कच्या बागेत कॅमेरा नुसता उभा करून घेतलेल्या चित्रणाला ५ टक्केही नाहीत. ‘सायको’ हिचकॉकने याच मालिकेच्या तंत्रज्ञांना हाताशी धरून केला होता.

एक तपशील मला फार आवडतो. खुनानंतर कॅमेरा नायिकेच्या निष्प्राण डोळ्यापासून मागे येतो. १९६० च्या चित्रपटात त्या डोळ्याची बाहुली बारीक आहे, कारण समोर स्टुडिओचे दिवे होते आणि अभिनेत्री जिवंत होती. मृत्यूनंतर बुबुळाचे स्नायू सैल पडतात आणि बाहुली मोठी होते. असं सांगतात की नेत्रतज्ज्ञांनी हिचकॉकला पत्रं पाठवून ही चूक दाखवली आणि पुढच्या वेळी बेलाडोनाचे थेंब घालण्याचा सल्ला दिला. बेलाडोनात ॲट्रोपिन असतं, तेच जे आपल्याकडे रस्त्याकडेला उगवणाऱ्या धोतऱ्यात असतं. १९९८ च्या चित्रपटात बाहुली पडद्यावर रुंदावताना दिसते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे जास्त बरोबर. पण काळजात धस्स होतं ते त्या चुकीच्या, स्थिर, बारीक बाहुलीकडे पाहतानाच.

प्रयोग म्हणून या जोडीत उणिवा आहेत, हे मान्य करायला हवं. मधल्या ३८ वर्षांत प्रेक्षक बदलले. पळवलेली रक्कम ४ लाख डॉलर झाली. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे माणसं. खून जिथे होतो त्या मोटेलचा मालक नॉर्मन बेट्स जुन्यात अँथनी पर्किन्स आहे: किडकिडीत, लाजरा, बोलताना अडखळणारा, पाखरासारखा मान वळवणारा. नव्यात धिप्पाड व्हिन्स व्हॉन, अधूनमधून विचित्र हसणारा. अनोळखी चेहरा विश्वासाचा आहे की नाही, याबद्दल आपलं मत सेकंदाच्या दहाव्या भागात तयार होतं, असं प्रिन्स्टन विद्यापीठातल्या २००६ च्या अभ्यासात दिसलं. जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त पक्कं होतं. व्हॉनला पाहताक्षणी मेंदू सावध होतो. पर्किन्सला पाहून तो जवळ जातो.

याचा परिणाम दलदलीच्या प्रसंगात उघड दिसतो. खुनानंतर नॉर्मन न्हाणीघर धुऊन काढतो, प्रेत गाडीच्या डिकीत घालतो आणि गाडी दलदलीत ढकलतो. गाडी बुडत जाते, आणि अर्ध्यावर थांबते. चिखलाचे बुडबुडे थांबतात. तो काहीतरी चघळत उभा, आजूबाजूला बघतोय. मग गाडी पुन्हा हलते आणि खाली जाते.

पहिल्या रात्री गाडी थांबली तेव्हा भाचीने उशी घट्ट धरली होती. “बुड ना,” ती पुटपुटली. ती बुडावी असं तुला का वाटतंय, असं मी विचारलं. “अरे, तो बिचारा सापडेल ना!” ती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे कळून गप्प झाली. दुसऱ्या रात्री गाडी तेवढाच वेळ थांबली. भाची मोबाइल बघत होती.