रासायनिक सूत्रे आणि अभिक्रियेचा दर : उदाहरणे सोडवण्याची रीत

संयुगातील मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून त्याचे सूत्र काढणे आणि अभिक्रियेत पदार्थ किती झपाट्याने खर्ची पडतात हे मोजणे, हे प्राथमिक रसायनशास्त्रातील दोन गणिती प्रकार आहेत. पाठ्यपुस्तकांत ते वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवले जात असले, तरी दोहोंची सुरुवात ग्रॅमचे मोल (पदार्थातील कणांची संख्या मोजण्याचे एकक) करून त्यांचे गुणोत्तर मांडण्यापासून होते.

लोहाच्या एका ऑक्साइडात ७० टक्के लोह व ३० टक्के ऑक्सिजन आहे असे दिले असल्यास १०० ग्रॅम नमुना धरावा आणि ७० ला ५६ ने, ३० ला १६ ने, म्हणजे त्या त्या अणुवस्तुमानाने भागावे. १.२५ व १.८७५ मोल येतात. लहान संख्येने दोन्हींना भागले की १ : १.५ हे गुणोत्तर मिळते. सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात. मापनातील किरकोळ त्रुटीमुळे आलेले १.९८ खुशाल २ धरावे, पण १.५ चे २ करता येत नाहीत. दोन्ही संख्यांना २ ने गुणून २ : ३ असे लिहावे लागते, आणि हेच हेमॅटाइट या खनिजातील ऑक्साइडाचे सूत्र होय. असे मिळालेले सूत्र रेणूचेच असते असे मात्र नाही. ग्लुकोजमध्ये कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे गुणोत्तर १ : २ : १ येते, त्याचे वस्तुमान ३० भरते, तर ग्लुकोजचे रेणुवस्तुमान १८० असते, म्हणून प्रत्येक संख्येची सहापट घ्यावी लागते. रेणुवस्तुमान हाताशी नसले की काय होते, हे पाण्याच्या इतिहासात दिसते : जॉन डाल्टनने पाण्यात दोन्ही मूलद्रव्यांचा एकेकच अणू धरला होता, आणि त्यामुळे ऑक्सिजनचे अणुवस्तुमान आजच्या सुमारे निम्मे आले.

दराच्या उदाहरणासाठी शहाबादी फरशीचा तुकडा सोयीचा, कारण तो मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेटचा असतो. चंचुपात्रातील २०० मिलिलिटर विरल हायड्रोक्लोरिक आम्लात तो टाकून पात्र तराजूवर ठेवले, की बुडबुड्यांवाटे कार्बन डायऑक्साइड निघून जातो व वजन उतरत जाते. पहिल्या २० सेकंदांत ०.४४ ग्रॅम घट झाली असे मानू. वायूचे रेणुवस्तुमान ४४, म्हणून ०.०१ मोल वायू बाहेर पडला आणि सरासरी दर सेकंदाला ०.०००५ मोल झाला. संतुलित समीकरणात वायूच्या एका मोलमागे आम्लाचे दोन मोल आहेत, तेव्हा आम्ल ०.०२ मोल खर्ची पडले आणि त्याची संहती, म्हणजे एक लिटर द्रावणातील मोल, सेकंदाला, लिटरमागे ०.००५ मोल या दराने घटली. तुकड्याऐवजी तेवढाच चुरा घेतल्यास पृष्ठफळ वाढल्यामुळे दर वाढतो. आम्ल व वायू यांच्या मोलांचे गुणोत्तर मात्र तेच राहते.

समीकरणातील सहगुणकांवरून, म्हणजे सूत्रांपुढील आकड्यांवरून, एवढे गुणोत्तरच कळते. संहती वाढवल्यावर दर किती वाढेल हे त्यांवरून ठरत नाही. डायनायट्रोजन पेंटॉक्साइडच्या विघटनाच्या समीकरणात त्याच्यापुढे २ हा सहगुणक येतो, तरीही त्याची संहती दुप्पट केल्यास दर चौपट न होता दुप्पटच होतो. म्हणून उदाहरणात प्रयोगांचा तक्ता दिलेला असतो. त्यातील ज्या दोन ओळींत एकाच अभिक्रियाकारकाची संहती बदलली आहे, त्या निवडून आरंभीच्या दरांचे गुणोत्तर काढावे.