तीस महिन्यांची गाय आणि अडकलेला करार

२०२५ च्या जुलैमधे अमेरिका आणि दक्षिण कोरियाची टॅरिफवरून जोरात बोलणी चालू होती. तेव्हा कोरियाचे व्यापारमंत्री यो हान-गू यांनी अमेरिकेच्या अधिकाऱ्यांपुढे २००८ सालचे फोटो ठेवले. सोलमधला ग्वांगह्वामुनचा रस्ता, रात्रीची वेळ, हातात मेणबत्त्या घेतलेली माणसंच माणसं. म्हणणं एवढंच, की बीफच्या नियमाला हात लावलात तर आमच्याकडे परत हे होईल. गाड्या, सेमीकंडक्टर, जहाजबांधणी, अब्जावधी डॉलर्सची गुंतवणूक असले मोठमोठे विषय टेबलावर असताना गाडी येऊन थांबली ती गायीच्या वयावर. ३० महिन्यांपेक्षा जास्त वयाच्या अमेरिकन जनावराचं मांस कोरिया घेत नाही आणि अमेरिका वर्षानुवर्षं म्हणतेय की हा नियम काढा.

हा ३० आकडा आला कुठून, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. मला वाटायचं वाटाघाटीत कोणीतरी २० म्हटलं असेल, कोणी ४० म्हटलं असेल आणि मधे तोडपाणी झालं असेल. तसं नाहीये. त्या आकड्यामागे एक प्रोटीन आहे, आणि ते सगळं भांडण समजायचं तर आधी त्याच्याकडे बघावं लागतं.

मॅड काऊ म्हणजे बीएसई हा आजार ब्रिटनमधे १९८६ ला पहिल्यांदा ओळखला गेला. गायी अडखळायला लागल्या, बिथरायला लागल्या, आणि मेल्यावर मेंदू मायक्रोस्कोपखाली बघितला तर स्पंजासारखी भोकं. कारण निघालं खाद्यात. मेलेल्या जनावरांची हाडं आणि उरलंसुरलं मांस शिजवून, वाळवून त्याची भुकटी करायची आणि प्रोटीन मिळावं म्हणून ती परत गायींनाच चारायची, असा उद्योग बिनबोभाट चालू होता. एका आजारी जनावराचा मेंदू त्या भुकटीत गेला की तो किती गोठ्यांत पोचत असेल याचा हिशोबच नाही. ब्रिटनमधे एकूण १ लाख ८० हजारांच्या वर गायींमधे हा आजार सापडला, त्यातल्या ३७ हजारांच्या आसपास एकट्या १९९२ सालात.

पण जंतू कुठला? तर जंतूच नाही. बॅक्टेरिया नाही, व्हायरस नाही, डीएनए नाही, काहीच नाही. स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ ला अशा आजारांच्या कारणाला 'प्रिऑन' नाव दिलं. निव्वळ प्रोटीन आजार पसरवतं यावर बरेच शास्त्रज्ञ विश्वास ठेवायला तयार नव्हते, पण १९९७ ला याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. भानगड अशी आहे की हे प्रोटीन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असतंच आणि निमूटपणे असतं. त्याची घडी चुकली की ते बिघडतं, आणि बिघडलेलं प्रोटीन शेजारच्या चांगल्या प्रोटीनला लागलं की त्याचीही घडी आपल्यासारखी करून टाकतं. दुधाला विरजण लागावं तसं. फक्त विरजणात जिवंत जंतू असतात आणि इथे जिवंत असं काहीही नाही, त्यामुळे मारायचं तरी कोणाला? शिजवून ते जात नाही, फॉर्मॅलिनमधे ठेवून जात नाही, रेडिएशनलाही पुरून उरतं. नीट शिजवून खा, हा नेहमीचा सल्ला इथे बाद.

१९९६ च्या मार्चमधे ब्रिटिश सरकारला संसदेत सांगावं लागलं की तरुण माणसांमधे दिसणारा मेंदूचा एक नवा जीवघेणा आजार बहुधा या गायींमुळेच आलाय. तिथून पुढे बीफ हा नुसता व्यापाराचा विषय राहिला नाही.

आता येऊ ३० वर. बिघडलेलं प्रोटीन गायीच्या अंगात सगळीकडे सारखं पसरत नाही. वासरू लहान असताना ते तोंडावाटे आत जातं, आधी छोट्या आतड्याच्या शेवटच्या भागात सापडतं आणि नसांमधून हळूहळू चढत मज्जारज्जू आणि मेंदूकडे जातं. हळू म्हणजे किती, तर लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ४ ते ६ वर्षं. ब्रिटनमधे मुद्दाम वासरांना आजारी मेंदूचा डोस देऊन ठरावीक महिन्यांनी तपासलं, तेव्हा मेंदूत आणि मज्जारज्जूत संसर्ग सापडायला डोसनंतर ३२ महिने लागले. म्हणजे बहुतेक सगळा काळ मेंदू 'स्वच्छ' दिसतो आणि शेवटी शेवटी एकदम भरतो. नेहमीच्या स्नायूच्या मांसात तसं काही सापडत नाही. म्हणून १९९६ ला ब्रिटनने ठरवलं की ३० महिन्यांवरचं जनावर माणसांच्या ताटात जाणार नाही, आणि हा नियम जवळजवळ १० वर्षं चालला.

पण ही काही भिंत नाही की २९ महिने सुरक्षित आणि ३१ महिने विष. ब्रिटनमधलं सगळ्यात लहान आजारी जनावर २० महिन्यांचं होतं. लाखभराच्या वर केसेसमधे असं एखादंच, पण होतं. म्हणजे चढावर कुठेतरी चुन्याची रेघ मारायची होती आणि ती ३० वर मारली, तेवढंच. जपानने तीच रेघ २० वर मारली. कारण २००३ च्या शेवटी त्यांच्याकडे २३ आणि २१ महिन्यांची दोन जनावरं टेस्टमधे पॉझिटिव्ह आली, मग सरकारला २१ च्या खालीच जावं लागलं. पुढे त्याच दोन जनावरांचे नमुने उंदरांना टोचून बघितले तर संसर्ग झालाच नाही, पण तोपर्यंत २० हा आकडा नियमात जाऊन बसला होता. तो ३० व्हायला २०१३ उजाडलं.

बरं, रेघ मारली, पण गायीचं वय कळणार कसं? अमेरिकेत बहुतेक जनावरांची जन्मतारखेची नोंदच नसायची. मग कत्तलखान्यात माणूस उभा राहतो आणि तोंड उघडून दात बघतो. गुरांच्या खालच्या जबड्यात पुढे दुधाचे दात असतात, ते पडून दोन-दोनच्या जोडीने कायमचे येतात. पहिली जोडी दीड ते दोन वर्षांत येते, तिथपर्यंत पास. दुसऱ्या जोडीतला एक जरी दात हिरडीतून वर आला, म्हणजे जनावर चार दाती व्हायला लागलं, की त्याला ३० महिन्यांच्या पुढचं धरायचं. पाठीचा कणा वगैरे वेगळा काढायचा आणि ते मांस कोरियाच्या खोक्यात जाता कामा नये. जपानच्या २० महिन्यांसाठी दातही पुरत नव्हते, मग मणक्यांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेचं हाड किती झालंय ते बघून वय ठरवायचे. दोन सरकारांमधले करार, वकिलांची फौज, हजार पानांची कागदपत्रं, आणि शेवटी सगळं येऊन टेकतं हिरडीतून डोकावणाऱ्या एका दातावर. मला तरी हे भारी वाटतं.

मूळ भांडण सुरू झालं २००३ च्या डिसेंबरमधे. वॉशिंग्टन राज्यात एक गाय बीएसई पॉझिटिव्ह निघाली. ती मूळची कॅनडातली होती, पण कोरियाने लगेच अमेरिकन बीफ बंद केलं. तेव्हा कोरिया अमेरिकन बीफचं जगातलं तिसऱ्या नंबरचं गिऱ्हाईक होतं, त्यामुळे अमेरिकेतले गुरंवाले हादरले. २००६ ला कोरियाने दार किलकिलं केलं, ३० महिन्यांच्या आतलं आणि तेही बिनहाडाचं. पहिला जवळपास ९ टनांचा माल आला, कोरियाने तो एक्स-रेखाली घातला आणि हाडाचा एक छोटासा तुकडा सापडला. अख्खा माल परत! नंतरच्या दोन मालांचंही तेच झालं. बिनहाडाचं म्हणजे एक कणही नाही, हा कोरियाचा अर्थ. मांस कापताना करवतीने एखादी कपची उडणारच, हा अमेरिकेचा. शास्त्र विचाराल तर साध्या हाडाच्या कपचीत घाबरण्यासारखं फार काही नव्हतं, धोका असतो तो कवटी आणि कण्यात, म्हणजे जिथे आत मेंदू, मज्जारज्जू आणि नसांच्या गाठी असतात तिथे. पण अमेरिकेनेसुद्धा फार शास्त्राच्या गोष्टी सांगू नयेत. बीएसईच्या नावाने त्यांनी युरोपचं बीफ वर्षानुवर्षं बंद ठेवलं होतं, आयर्लंडला परवानगी मिळाली ती थेट २०१५ ला.

आणि कोरियाची काळजी अगदीच उगाच नव्हती. तिथे गायीची हाडं तासन्‌तास उकळून सोललोंगतांगसारखं सूप करतात, आतडी भाजून खातात, त्याला गोपचांग म्हणतात. म्हणजे स्टेक खाणाऱ्या माणसाच्या ताटात जे कधी येतच नाही ते तिथे आवडीने खाल्लं जातं, आणि नेमकं छोट्या आतड्याचं टोक, माणसाच्या खाण्यातून काढून टाकायच्या धोक्याच्या भागांच्या यादीत, कोणत्याही वयाच्या जनावरासाठी आहे. त्यामुळे यादीत काय आहे आणि काय नाही याचं वजन दोन देशांत सारखं नसतंच.

मधे ३० जून २००७ ला दोन्ही देशांच्या मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात बीफवरची ४० टक्के ड्यूटी १५ वर्षांत शून्यावर आणायचं ठरलं, हे मला वाटतं सोपं काम होतं, भागाकार केला की झालं. पण मोन्टानाचे सिनेटर मॅक्स बॉकस यांनी सांगून टाकलं की बीफचं दार पूर्ण उघडल्याशिवाय करार पुढे सरकू देणार नाही. २००७ च्या मे महिन्यात जागतिक पशुआरोग्य संघटनेने अमेरिकेला 'नियंत्रित धोका' असा दर्जा दिला होता, म्हणजे धोक्याचे भाग काढले तर वय काहीही चालेल. अमेरिकेला हेच हवं होतं.

कोरियाचे नवे राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक २००८ च्या एप्रिलमधे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांना भेटायला कॅम्प डेव्हिडला गेले आणि त्या भेटीच्या आदल्या दिवशी, १८ एप्रिलला, कोरियाने जवळजवळ सगळं मान्य केलं. हाडासकट बीफ, आणि पुढे वयाची अटही जाणार. लोकांना वाटलं फोटो काढायच्या घाईत आमचा जीव विकला. त्यात अमेरिकेच्या जनावरांच्या खाद्याच्या नियमाची इंग्लिश नोटीस कोरियन सरकारने चक्क उलटी वाचली आणि तसंच प्रेसला सांगितलं, नंतर चूक कबूल करावी लागली. २९ एप्रिलला एका टीव्ही चॅनलवर कार्यक्रम झाला, त्यात उभं राहता न येणाऱ्या गायींची दृश्यं आणि एक आकडा. ९४ टक्के.

तर हा ९४ टक्के काय प्रकार आहे? त्या प्रोटीनच्या साखळीत १२९ नंबरच्या जागेवर माणसात दोनपैकी एक अमिनो आम्ल असतं, मेथिओनीन किंवा व्हॅलीन. आईकडून एक, बाबांकडून एक. गायींमुळे होणारा तो आजार झालेल्यांपैकी ज्यांची जनुकं तपासली ते त्या काळापर्यंत सगळे दोन्हीकडून मेथिओनीनवाले होते. असे लोक ब्रिटनमधे ४० टक्क्यांच्या आसपास, कोरियात ९४ टक्के. इथपर्यंत बरोबर. पण कार्यक्रमात सांगितलं गेलं ते असं, की कोरियन माणसाने असं बीफ खाल्लं तर आजार व्हायची शक्यता ९४ टक्के. हे साफ चूक. ब्रिटनचाच हिशोब करून बघा ना. साधारण पावणेसहा कोटी लोक, त्यातले ४० टक्के म्हणजे २ कोटींच्या वर मेथिओनीनवाले, आणि ऐन साथीच्या काळात वर्षानुवर्षं बीफ खाणारे. मेले किती, तर १७८. एकही मृत्यू छोटा नसतो पण ९४ टक्के आणि हे, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीपण त्या टीव्हीवाल्यांसारखाच. ब्रिटनमधे ऑपरेशनमधे काढलेली ३२,४४१ अपेंडिक्स तपासली तेव्हा १६ मधे बिघडलेलं प्रोटीन सापडलं, म्हणजे साधारण दोन हजारात एक. हे लोक आयुष्यभर ठणठणीत राहतील का, कोणाला सांगता येत नाही. आणि २०१६ ला एक मेथिओनीन-व्हॅलीनवाला माणूसही याच आजाराने गेला.

२ मेला सोलमधे पहिला मेणबत्ती मोर्चा निघाला, त्यात शाळकरी मुलीच खूप होत्या. शाळेच्या जेवणात काय येणार हे आपल्या हातात नाही, ही त्यांची तक्रार, आणि खरं सांगायचं तर तिला उत्तर नव्हतं. महिन्याभरात गर्दी एवढी वाढली की १० जूनला पोलिसांनी ग्वांगह्वामुनच्या रस्त्यात मालवाहू कंटेनर एकावर एक रचून ते वेल्डिंगने जोडले, कोणी चढू नये म्हणून वर ग्रीस फासलं. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'म्युंग-बाकचा किल्ला'. व्यापार वाढवायला करार केला आणि व्यापाराच्याच कंटेनरची भिंत उभी राहिली! अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामे देऊ केले, राष्ट्राध्यक्षांनी दोनदा माफी मागितली. मग व्यापारमंत्री किम जोंग-हून धावत वॉशिंग्टनला गेले आणि अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी सुझन श्वाब यांच्याशी बसून तोडगा काढला, की लोकांचा विश्वास बसेपर्यंत अमेरिकन कंपन्या 'स्वतःहून' ३० महिन्यांच्या आतलंच बीफ पाठवतील. विश्वास कधी बसला असं धरायचं, कोणी मोजायचा, हे कुठेच लिहिलं नाही. वाटाघाटीतलं हे सगळ्यात हुशार वाक्य असावं.

मुक्त व्यापार करार लागू झाला १५ मार्च २०१२ ला. टीव्ही कार्यक्रमावर खटला चालला, २०११ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की काही माहिती खोटी होती पण बनवणारे निर्दोष. अमेरिकेत त्यानंतर अधूनमधून एखादी गाय सापडली, पण त्या म्हाताऱ्या गायींमधे आपोआप होणाऱ्या वेगळ्या प्रकारच्या, खाद्यातून आलेल्या नाहीत. आणि ज्या कोरियात एवढं रामायण झालं तोच २०२४ ला किमतीच्या हिशोबाने अमेरिकन बीफचा सगळ्यात मोठा ग्राहक होता, २.२ अब्ज डॉलर्स. ३० महिन्यांची अट असूनसुद्धा, किंवा माझ्या मते ती अट आहे म्हणूनच.

जुलै २०२५ च्या शेवटी टॅरिफचा समझोता जाहीर झाला तेव्हा कोरियाने सांगितलं की तांदूळ आणि बीफला हात लावू दिला नाही. ती ४० टक्के ड्यूटी ठरल्याप्रमाणे दरवर्षी थोडी थोडी उतरत २०२६ च्या जानेवारीत शून्य झाली. कत्तलखान्यातला माणूस मात्र कोरियासाठी अजून दात बघतोय.