चिपवरील जैवसंवेदक : जिवाणू व पेशींचे जलद विश्लेषण

काच, सिलिकॉन किंवा प्लास्टिक यांच्या छोट्या तुकड्यावर केसाएवढ्या किंवा त्याहून बारीक वाहिन्या तयार करून त्यांतून रक्त, मूत्र, पाणी, दूध यांसारखा नमुना वाहू देणे आणि त्यातील जिवाणू किंवा पेशी वेगळ्या करणे, मोजणे, ओळखणे, त्यांच्यावर औषधाचा काय परिणाम होतो ते पाहणे, ही सर्व कामे एकाच ठिकाणी करणारे साधन म्हणजे चिपवरील जैवसंवेदक. ‘लॅब-ऑन-अ-चिप’ या नावानेही अशी साधने ओळखली जातात. काटेकोर अर्थाने जैवसंवेदकाचे दोन भाग असतात. पहिला ग्राही भाग : प्रतिपिंड (अँटिबॉडी), विकर (एन्झाइम), डीएनएचा तुकडा किंवा जिवाणूंना लागण करणारा विषाणू यांपैकी काहीतरी, जे नेमक्या लक्ष्यालाच चिकटते किंवा त्याच्याशीच विक्रिया करते. दुसरा परिवर्तक : जो त्या घटनेचे रूपांतर विद्युत्, प्रकाश किंवा वस्तुमान यांतील मोजता येणाऱ्या बदलात करतो.

या साधनांची गरज जिवाणुशास्त्राच्या जुन्या पद्धतीतील विलंबातून निर्माण झाली. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत घन माध्यमावर शुद्ध संवर्धन करण्याची रीत विकसित झाली, १८८७ मध्ये पेट्री बशी आली, आणि आजही बहुतेक निदान याच पायावर उभे आहे. ई. कोलाय जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. तरी एका जिवाणूपासून डोळ्यांना दिसेल अशी वसाहत तयार होण्यासाठी तो दहा लाखांच्या घरात वाढावा लागतो. त्यामुळे पहिल्या संवर्धनाला साधारण एक दिवस आणि कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे ठरवण्यास पुढचा एक दिवस जातो. क्षयाच्या जिवाणूला दुप्पट होण्यासच सुमारे २० तास लागत असल्याने त्याच्या संवर्धनाला कित्येक आठवडे लागतात. या मधल्या काळात चिकित्सक अंदाजाने, बहुधा व्यापक परिणामाचे प्रतिजैविक सुरू करतो. जिवाणूंमधील औषधप्रतिरोध वाढण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

या क्षेत्राचा इतिहास वेगवेगळ्या वाटांनी आला आहे. बारीक छिद्रातून पेशी जाताना विद्युत् रोधात होणाऱ्या क्षणिक बदलावरून पेशी मोजण्याच्या युक्तीचे एकस्व (पेटंट) वॉलेस कुल्टर यांना १९५३ मध्ये मिळाले. लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये विकरयुक्त विद्युत् अग्राची (इलेक्ट्रोडची) कल्पना मांडली. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७९ मध्ये सिलिकॉनच्या चकतीवर वायुवर्णलेखक, म्हणजे वायुरूप मिश्रणातील घटक वेगळे करणारे साधन, तयार झाला. १९९० मध्ये आंद्रेयास मांझ व सहकाऱ्यांनी संपूर्ण रासायनिक विश्लेषण एका लघुयंत्रणेत आणण्याची संकल्पना मांडली. आणि १९९८ मध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने पीडीएमएस या पारदर्शक सिलिकोन रबरात साचा वापरून वाहिन्या ओतण्याची सोपी रीत दाखवली. त्यानंतर चिप बनवण्यासाठी अर्धसंवाहकांचा कारखाना हाताशी असणे आवश्यक राहिले नाही.

संवेदक किती संवेदनशील आहे याची चर्चा फार होते; पण या साधनांची खरी कसोटी पेशी संवेदकापर्यंत पोहोचवण्यात आहे. १०० मायक्रोमीटर रुंदीच्या वाहिनीत पाणी सेकंदाला १ मिलिमीटर वेगाने वाहत असेल, तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहातील जडत्वाचे चिकटपणाशी असलेले गुणोत्तर, सुमारे ०.१ येतो. एवढ्या कमी अंकाला प्रवाहात भोवरे पडत नाहीत. शेजारी वाहणारे दोन द्रव ढवळले न जाता समांतर थरांत पुढे सरकतात आणि त्यांच्यातील मिश्रण केवळ विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप पसरल्याने, होते. लहान रेणूला विसरणाने १०० मायक्रोमीटर अंतर कापण्यास सुमारे ५ सेकंद लागतात, तर १ सेंटिमीटरला सुमारे १४ तास. चिपवरच्या रासायनिक विक्रिया झटपट का होतात याचे उत्तर या फरकात आहे. मात्र १ मायक्रोमीटर आकाराच्या, स्वतः न पोहणाऱ्या जिवाणूला तेच १०० मायक्रोमीटर ओलांडण्यास सुमारे ३ तास लागतात. रेणूंसाठी वरदान ठरलेली सूक्ष्मता जिवाणूंच्या बाबतीत पुरेशी पडत नाही. वाहिनीच्या मध्यातून जाणारा जिवाणू तळाशी असलेल्या प्रतिपिंडांना स्पर्शही न करता बाहेर पडू शकतो.

म्हणूनच पेशींना खेचून, ढकलून किंवा अडवून योग्य जागी आणण्याच्या अनेक युक्त्या विकसित झाल्या. प्रतिपिंडांचे लेपन केलेले चुंबकीय मणी नमुन्यात मिसळून पेशी चुंबकाने गोळा करता येतात. असमान प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) विद्युत् क्षेत्रात पेशी सरकतात; या परिणामाला ‘डायइलेक्ट्रोफोरेसिस’ हे नाव हर्बर्ट पोल यांनी १९५१ मध्ये दिले, आणि जिवंत व मृत पेशींचे विद्युत् गुणधर्म भिन्न असल्याने त्याद्वारे त्या एकमेकींपासून अलगही करता येतात. ध्वनितरंगांनीही पेशी एका रेषेत आणता येतात. परंतु या दोन्ही बलांचे मूल्य कणाच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते, म्हणजे १० मायक्रोमीटरच्या पेशीवर चालणारे बल १ मायक्रोमीटरच्या जिवाणूवर जवळपास हजारपटीने क्षीण होते. पेशींसाठी यशस्वी ठरलेली चिप जिवाणूंसाठी जशीच्या तशी वापरता येत नाही, ती यामुळे. रक्तात भटकणाऱ्या कर्करोगपेशी पकडण्यासाठी २००७ मध्ये तयार झालेल्या एका चिपवर प्रतिपिंडांनी मढवलेले सुमारे ७८,००० सूक्ष्म खांब होते. प्रवाहाने पेशींना खांबांवर आदळत नेण्याची ती रचना होती.

पेशी जागेवर आल्यानंतर ती ओळखण्याचे मार्ग तुलनेने सरळ आहेत. पेशीचे पटल कमी वारंवारतेच्या विद्युत् प्रवाहाला निरोधकासारखे अडवते, त्यामुळे पेशीचा आकार कळतो; वारंवारता मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढवली की प्रवाह आत शिरतो आणि पटलाची व अंतर्भागाची स्थिती समजते. पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदनावर (धातूच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या प्रकाशाने होणाऱ्या कंपनांवर) आधारलेले प्रकाशीय संवेदक लेबलाशिवाय, म्हणजे पेशीला रंग किंवा खूण न लावता, काम करतात, पण त्यांचे क्षेत्र पृष्ठभागापासून काही शे नॅनोमीटरपर्यंतच पोहोचते. जिवाणूचा फक्त तळच त्यांना ‘दिसतो’. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये कंप पावणाऱ्या पोकळ पट्टीतून द्रव वाहू देऊन एकेका पेशीचे वजन करून दाखवले.

औषधाची परिणामकारकता पाहायची असल्यास मात्र जिवाणू ओळखणे पुरत नाही. तो औषधात वाढतो की नाही हे पाहावे लागते. येथे सूक्ष्मतेचा निर्विवाद लाभ होतो. एकच जिवाणू १ नॅनोलिटर थेंबात कोंडला की त्या थेंबापुरती संहती (दर आकारमानातील जिवाणूंची संख्या) मिलिलिटरला दहा लाख होते, आणि त्याच्या चयापचयाची चाहूल लवकर लागते. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी २०१७ मध्ये जेमतेम जिवाणू मावेल अशा वाहिन्यांत जिवाणू अडकवून त्यांची लांबी कशी वाढते हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले आणि प्रतिजैविकाचा परिणाम अर्ध्या तासाच्या आत दाखवला. याच दिशेने घडवलेल्या, मूत्रमार्गाच्या संसर्गासाठीच्या पीए-१०० चाचणीला २०२४ मध्ये ८० लाख पौंडांचे लॉन्जिट्यूड पारितोषिक मिळाले. ती सुमारे ४५ मिनिटांत उत्तर देते.

प्रत्यक्ष वापरात अडचणी येतात त्या बहुधा साध्याच असतात. हवेचा बुडबुडा वाहिनी अडवतो, रक्तातील प्रथिने संवेदकावर थर धरतात, पीडीएमएस काही जलविरोधी औषधे शोषून घेते आणि मग चाचणीतील औषधाची मात्रा प्रत्यक्षात कमी भरते. सर्वांत मोठी अडचण नमुन्याच्या आकारमानाची आहे. मूत्रसंसर्गात मिलिलिटरला एक लाख जिवाणू हे नेहमीचे प्रमाण असल्याने १ मायक्रोलिटरमध्येही सुमारे १०० जिवाणू सापडतात. मूत्राच्या चाचण्या प्रथम यशस्वी झाल्या यात नवल नाही. रक्तातील जिवाणुसंसर्गात मिलिलिटरमागे १० किंवा त्याहूनही कमी जिवाणू असू शकतात, आणि त्यांच्याभोवती सुमारे ५ अब्ज तांबड्या पेशी असतात. अशा रक्ताचा १ मायक्रोलिटर तपासल्यास शंभरातील नव्व्याण्णव वेळा त्यात एकही जिवाणू नसेल. मिनिटाला १० मायक्रोलिटर या गतीने १ मिलिलिटर रक्त चिपमधून जाऊ देण्यास १०० मिनिटे लागतील, आणि नेहमीच्या रक्तसंवर्धनासाठी प्रौढ रुग्णाचे एका बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतात. त्यामुळे रक्तासाठीच्या बहुतेक जलद चाचण्या अजूनही संवर्धनाच्या बाटलीत जिवाणूंची वाढ दिसल्यानंतरच सुरू होतात.