काळ्या पडद्यावर नुसतं ‘लॉगिन’ आलं तर

लिनक्स सुरू झालं, पण नेहमीचा डेस्कटॉप आलाच नाही. काळ्या पडद्यावर ‘लॉगिन’ आणि लुकलुकणारा कर्सर. मशीन बिघडलं असं लगेच समजू नका. पुष्कळदा ते फक्त टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे नुसत्या कमांड टाइप करून चालवायच्या मोडमध्ये, सुरू झालेलं असतं.

युजरनेम टाका, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. कीबोर्ड ठीक आहे, बिनधास्त टाइप करून एंटर दाबा.

हल्लीच्या बहुतेक लिनक्समध्ये बूटचा, म्हणजे मशीन सुरू होण्याचा, कारभार सिस्टिमडी नावाच्या प्रोग्रामकडे असतो. डेस्कटॉपच्या मोडला ते ‘ग्राफिकल टार्गेट’ म्हणतं, टेक्स्टच्या मोडला ‘मल्टी-युजर टार्गेट’. जुनी मंडळी यांनाच रनलेव्हल 5 आणि 3 म्हणतात. मशीनवर कोणता मोड ठरलेला आहे, हे ‘सिस्टिमसीटीएल गेट-डिफॉल्ट’ दाखवतं. (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं, इथे उच्चार दिले आहेत.)

मोड बदलताना गोंधळ होतो तो दोन कमांडमध्ये. (सुरुवातीचं ‘सुडो’ म्हणजे कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकारात चालवणं.) ‘सुडो सिस्टिमसीटीएल आयसोलेट ग्राफिकल डॉट टार्गेट’ दिलं की मोड तिथल्या तिथे बदलतो, पण रीस्टार्टनंतर पुन्हा जुनाच येतो. ‘आयसोलेट’च्या जागी ‘सेट-डिफॉल्ट’ लिहिलं तर उलटं: आत्ता काहीच हलत नाही, पुढच्या बूटपासून मात्र बदल कायमचा. आमचं सांगणं, आधी आयसोलेट करून बघा, डेस्कटॉप नीट आला तरच सेट-डिफॉल्ट. आणि डेस्कटॉपवरून टेक्स्टकडे आयसोलेट करण्याआधी उघड्या फाइली सेव्ह करा, कारण सगळे प्रोग्राम बंद होतात. नुसतं टर्मिनलच हवं असेल तर एवढा खटाटोप कशाला? कंट्रोल-ऑल्ट-एफ3 पुरे.

लॉगिनपर्यंतही पोचत नसाल तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू होण्याआधी येणाऱ्या, मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस देऊन 3 (म्हणजे टेक्स्ट मोड) लिहा आणि कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे चुकलात तर रीस्टार्ट करा.

आता टेक्स्ट मोडमध्ये एखादी सेटिंगची फाइल दुरुस्त करणं. हात लावण्याआधी ‘सीपी’ कमांडने तिची कॉपी काढाच. एडिटर म्हणून नॅनो घ्या. पडद्याच्या तळाशी दिसणारं टोपीसारखं चिन्ह म्हणजे कंट्रोल की. कंट्रोल-डब्ल्यूने शब्द शोधा, कंट्रोल-केने ओळ कापा, कंट्रोल-यूने चिकटवा. सेव्ह करायला कंट्रोल-ओ आणि एंटर, बाहेर पडायला कंट्रोल-एक्स. चुकून व्हीआय या दुसऱ्या एडिटरमध्ये अडकलात तर एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. काहीही सेव्ह न होता सुटका होते.

सगळ्यात जपायची फाइल ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘एफएसटॅब’, म्हणजे बूटच्या वेळी जोडायच्या डिस्कची यादी. डिस्कचा आयडी लिहिताना एक अक्षर चुकलं तरी पुढचं बूट अर्धवट थांबून थेट इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या मोडमध्ये, जाऊ शकतं. ती बदलल्यावर रीस्टार्टआधी यादीतल्या डिस्क जोडून बघणारी ‘सुडो माउंट -ए’ ही कमांड चालवा. एरर आली तर मशीन बंद न करता जुनी कॉपी परत जागेवर ठेवा आणि मग आम्हाला फोन करा.