ऑस्टिओकाँड्रोसिस (घोड्यांतील)

वाढत्या शिंगराच्या सांध्यातील कूर्चेचे (हाडांच्या टोकांवरील लवचिक थराचे) हाडात रूपांतर होताना मध्येच खंड पडल्याने उद्भवणारा विकार. शिंगराचा सांधा सुजला की ‘कॅल्शियम कमी पडलं’ असे बहुतेक जण म्हणतात. प्रत्यक्षात बिघाडाची सुरुवात कूर्चेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांपासून होते.

प्रौढ घोड्याच्या सांधेकूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. शिंगराची कूर्चा जाड असते, म्हणून तिच्यात नलिका असतात व त्यांतून वाहिन्या जातात. हाड वाढत पुढे सरकते तशा या वाहिन्या कूर्चा आणि हाड यांच्या सीमेवर येतात. तेथे वाहिनी तुटली किंवा बुजली, की तिच्यावर जगणाऱ्या कूर्चापेशी मरतात. निरोगी पेशी विभागतात, फुगतात, दहाव्या प्रकारचे कोलॅजेन हे प्रथिन तयार करतात. मग भोवतालच्या द्रव्यात कॅल्शियम साचते आणि वाहिन्या शिरून हाड घडते. मृत पट्ट्यात यातले काहीच होत नाही. हाड त्याला वळसा घालून पुढे जाते आणि कूर्चेचा गाभा आत अडकतो. तो लहान असला तर बहुधा भरून येतो. मोठा असेल, तर धावण्याच्या भाराने चीर पृष्ठभागापर्यंत जाऊन तुकडा सुटतो. या अवस्थेला ‘डिसेकन्स’ म्हणतात.

मागच्या पायाचा घोटा, त्याच्या वरचा गुडघा आणि खुराच्या थोडा वरचा ‘फेटलॉक’ सांधा ही नेहमीची ठिकाणे. नलिका पहिल्या वर्षातच बुजतात, त्यामुळे धोक्याचा काळ थोडा असतो : घोट्यातील व्रण (मृत कूर्चेचे पट्टे) सुमारे पाचव्या महिन्यानंतर, गुडघ्यातील आठव्यानंतर सहसा भरत नाहीत. विकार पुष्कळदा दोन्ही पायांत असतो, म्हणून क्ष-किरण दोन्हींचे घ्यावे लागते.

आनुवंशिकता, झपाट्याची वाढ आणि पिष्टमय चंदीचा मारा ही पूरक कारणे. तांब्याचाही संबंध आहे. कोलॅजेनचे धागे एकमेकांत जोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ते लागते. मात्र नुसते तांबे चारून मेलेली कूर्चा जिवंत होत नाही.

थरोब्रेड व युरोपीय उंच जातींत हा विकार बराच आढळतो, तट्टांत क्वचित. त्यामुळे महाबळेश्वर-पाचगणीला पर्यटकांना फिरवणारे किंवा फलटणकडच्या धनगरांच्या फिरत्या वाड्याबरोबर ओझे वाहणारे तट्टू लंगडले, तर आधी खूर आणि नाल तपासणे शहाणपणाचे. सांगली भागात घोडागाडीच्या शर्यतीसाठी उंच जातीच्या घोड्याचे शिंगरू घेणाऱ्याने मात्र वर्षाच्या आतच सांध्यांवर लक्ष ठेवावे, कारण घोट्यात पाणी भरूनही ते बहुधा लंगडत नाही. सुटलेला तुकडा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढतात. घोट्यातला असेल तर जनावर बहुधा पुन्हा धावते, गुडघ्यातला मोठा व्रण असल्यास तेवढी खात्री देता येत नाही.