नेव्हरमाइंड (अल्बम) आणि नागपूर

नेव्हरमाइंड हा निर्वाणा ह्या अमेरिकन बँडचा दुसरा अल्बम, २४ सप्टेंबर १९९१ ला डीजीसी ह्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढलेला. गिटार आणि गाणं कर्ट कोबेन, बेस क्रिस्ट नोव्होसेलिक, ड्रम डेव्ह ग्रोल, बस तिघंच. ऑल्टरनेटिव्ह रॉक, म्हणजे नेहमीच्या हिट रॉकपेक्षा वेगळा, कडेचा रॉक, घराघरात नेला तो ह्याच अल्बमने असं सगळे लिहितात आणि ते खरंय, पण त्याची जी सफाई आहे, म्हणजे एवढा आरडाओरडा चालू असूनही प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येतं ना ती, तिच्यावरून अजून वाद चालतो. नागपूरला विचाराल तर आम्ही सफाईच्या बाजूने, कारण पुढे येतंच.

आधीचा ब्लीच (१९८९) ६०० डॉलरमध्ये रेकॉर्ड केला असं त्याच्या कव्हरवरच छापलंय. ह्या वेळी सुरुवातीचं बजेट ६५ हजार डॉलर. एप्रिल १९९० मध्ये मॅडिसनच्या स्मार्ट स्टुडिओत निर्माता बुच विगसोबत काही गाणी झाली होती, तेव्हा ड्रमवर चॅड चॅनिंग होता; त्यातलं पॉली जसंच्या तसं अल्बमवर आलं, गिटार पाचच तारांची, गहाणवटीच्या दुकानातून आणलेली. ग्रोल त्याच वर्षी सप्टेंबरात आला आणि खरं काम मे-जून १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या साउंड सिटी स्टुडिओत झालं.

विगला आवाज डबल करून हवा होता, म्हणजे तीच ओळ दोनदा गायची आणि एकावर एक बसवायची. कोबेनला हे बनावट वाटायचं. मग विगने सांगितलं की जॉन लेननपण असंच करायचा, झालं, गडी तयार. मिक्सिंगसाठी, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून एक करायला, नावांची यादी आली तेव्हा कोबेनने अँडी वॉलेसवर बोट ठेवलं कारण त्याने स्लेअर ह्या मेटल बँडचं काम केलं होतं, आणि वॉलेसनेच सगळं इतकं चकचकीत करून दिलं की पुढे कोबेनलाच लाज वाटायला लागली, हा पंक (कच्चा, खडबडीत रॉक) कमी आणि मोटली क्रू ह्या चकचकीत रॉक बँडसारखा जास्त वाटतो म्हणे. पुढचा अल्बम त्याने १९९३ मध्ये मुद्दाम स्टीव्ह अल्बिनी ह्या रेकॉर्डिंगवाल्याकडे नेला, खरखरीत करायला.

शेवटचं गाणं समथिंग इन द वे बँडसोबत काही केल्या जमेना. कोबेन कंट्रोल रूममध्ये सोफ्यावर आडवा पडून हळूच गाऊन दाखवत होता, तेच विगने पकडलं: फोन काढला, एसी बंद केला, तिथेच माइक लावले. बाकी वाद्यं नंतर त्याच्यावर चढवली.

लेबलची अपेक्षा अडीच लाख कॉप्यांची, अमेरिकेत पहिल्या खेपेत गेल्या सुमारे ४६ हजार. पण एमटीव्हीने पहिल्या गाण्याचा व्हिडिओ लावून धरला आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनच्या डेंजरसला खाली ढकलून हा अमेरिकेच्या खपाच्या यादीत एक नंबरवर. रोलिंग स्टोन मासिकाने आधी तीनच स्टार दिले होते, ते नंतर सगळे विसरले. आजवर जगभरात तीन कोटींवर खप.

नागपुरात हे सगळं स्टार टीव्हीवरच्या एमटीव्हीतून, म्हणजे केबलवाल्याच्या कृपेने आलं. ओरिजिनल कॅसेट एखाद्याकडेच असायची, बाकी पोट्टे कॉपीवर. अल्बम साधारण ४२-४३ मिनिटांचा, त्यामुळे नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटच्या एका बाजूत अख्खा बसायचा, दुसऱ्या बाजूला किशोरकुमार. सीडीवर शेवटी दहा मिनिटं शांतता आणि मग एक लपवलेलं गाणं आहे (पहिल्या लॉटमध्ये ते चुकून राहूनच गेलं होतं), ते आमच्यापैकी कितीतरी जणांना वर्षानुवर्षं माहीतच नव्हतं.

गॅदरिंगमध्ये ज्याच्या हातात गिटार तो ह्याच अल्बममधल्या कम ॲज यू आरचं सुरुवातीचं वाजवायचाच, दोन तारांवर बोटं फिरली की झालं. पण कॅसेटसोबत वाजवलं की सूर लागायचा नाही, कॅसेट एक पूर्ण स्वर खाली. आम्ही समजलो की मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत राहून टेप ताणली गेली, ४५ डिग्रीत कशाचं काय होईल सांगता येत नाही न भौ. टेप बिचारी ठीकच होती, त्या गाण्यात गिटारच एक स्वर उतरवून लावलेली आहे. हे कळेपर्यंत एका मित्राने रेकॉर्डरचा स्पीडचा स्क्रू पिळून ठेवला होता आणि त्याच्या घरी लता मंगेशकरपण घाईत गायला लागल्या.

आता सफाईचं. नागपूरच्या उन्हाळ्यात ऐकायचं म्हणजे खिडकीत डेझर्ट कूलर, पत्र्याची थरथर आणि पंख्याची घरघर. साधी रेकॉर्डिंग त्यात वाहून जायची. वॉलेसचे ड्रम मात्र कूलर फाडून बाहेर यायचे, छोट्याशा मोनो टेपवरसुद्धा शब्द कळले नाही तरी चाल कळायची.

फक्त ते शेवटचं समथिंग इन द वे यायचं नाही. कूलर चालू आहे तोवर तिथे नुसती टेपची सूं सूं, आम्हाला वाटायचं कॉपी खराब आहे. एकदा भर दुपारी लाइट गेली, कूलर घरघरत थांबला, टेप सेलवर होता म्हणून चालूच राहिला, आणि तेव्हा ऐकू आलं की तिथे कोणीतरी गातोय.